एन गेजच्या जुन्या डिझेल इंजिनात झिमो एमएक्स६१७: एका पावसाळ्यासकट वापरल्यानंतरचा अनुभव

मॉडेल रेल्वेत एन गेज म्हणजे दोन रुळांत ९ मिमी अंतर आणि अमेरिकन मॉडेल असेल तर १:१६० प्रमाण. झिमो एमएक्स६१७ हा डिकोडर आहे: रुळांतून येणारे डिजिटल (डीसीसी) आदेश वाचून इंजिनाची मोटर आणि दिवे चालवणारी छोटी सर्किटपट्टी. या मापाच्या जुन्या डिझेल इंजिनांना डिकोडरसाठी सॉकेट नसतं. चासी म्हणजे धातूचे दोन उभे अर्धे भाग, मध्ये मोटर, दोन्ही भाग नायलॉनच्या बुशांनी एकमेकांपासून वेगळे ठेवलेले. उजवा भाग उजव्या रुळाचा करंट वाहतो, डावा डाव्याचा. म्हणजे अख्खी फ्रेमच वायर आहे. डिकोडर बसवण्याची सगळी कटकट इथूनच सुरू होते, डिकोडर कुठल्या कंपनीचा आहे याचा त्यात फारसा वाटा नाही.

एमएक्स६१७ निवडायचं कारण साधं: आकार १३ × ९ × २.६ मिमी, सतत ०.८ अँपिअर, आणि मोटरचं नियंत्रण हळू वेगात उत्तम. विकत घेण्याआधी मोटर तपासा. १२ व्होल्ट डीसी द्या, मल्टिमीटर १० अँपिअर रेंजवर सिरीजमध्ये लावा आणि फ्लायव्हील दोन सेकंद बोटाने अडवून धरा. ०.८ च्या आत आकडा राहिला तर निश्चिंत. वर गेला तर आधी मोटर साफ करा, ब्रश बघा. सुकलेल्या ग्रीसमुळे घट्ट झालेल्या गिअरवर नवा डिकोडर लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

जागा करण्यासाठी फ्रेमच्या वरच्या कडेला, जिथे मूळ दिव्याची पट्टी असते, तिथे साधारण साडेतीन मिमी खोल धातू कापावा लागतो. फ्रेम जस्ताच्या मिश्रधातूची असते, बारीक कानसीने सहज झिजते. मोटर, गिअर, बोग्या (चाकं धरणारे खालचे वळते सांगाडे) सगळं बाहेर काढूनच कानस चालवायची. धातूचा कीस मोटरच्या ब्रशपाशी अडकला की शॉर्ट ठरलेलाच. नंतर फ्रेम साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासून पूर्ण वाळवा. वजन थोडं कमी होतं, चढावर एखादा डबा कमी ओढला जातो, ते मान्य करायचं.

आता मुख्य गोष्ट. मोटरच्या दोन्ही ब्रशांना तांब्याच्या पट्ट्या असतात आणि मूळ रचनेत त्या फ्रेमला किंवा दिव्याच्या पट्टीला टेकून करंट घेतात. डिकोडर लावल्यावर मोटरचा फ्रेमशी कुठेही, अगदी कुठेही, संबंध राहता कामा नये. वरची पट्टी सहज दिसते, ती सगळेच वाकवतात. खालची मोटरच्या पोटाखाली लपलेली असते आणि बहुतेक डिकोडर तिच्यामुळेच जळतात: मोटरच्या आउटपुटवर थेट रुळाचा करंट येतो आणि क्षणात धूर निघतो. खालची पट्टी कापून टाका, तिथे फ्रेमच्या आतल्या बाजूला पिवळी कॅप्टन (Kapton) टेप, म्हणजे उष्णता सोसणारी पातळ टेप, दोन थर लावा. काळी पीव्हीसी टेप नको. ती जाड असते, उष्णतेने तिचा गोंद सुटतो आणि महिन्याभरात सरकते. कॅप्टन टेप लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळून जाते. ब्रशवर जुना सप्रेशन (रेडिओची खरखर थांबवणारा) कपॅसिटर असेल तर तोही काढून टाका, मोटर नियंत्रणात त्याची ढवळाढवळ होते.

वायरिंगचे रंग ठरलेले आहेत: लाल उजवा रूळ, काळी डावा रूळ, नारिंगी आणि करडी मोटर, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा दिवा, निळी दिव्यांचा कॉमन प्लस. या फ्रेमवर साधा सोल्डरचा डाग चिकटत नाही, कितीही फ्लक्स लावा. म्हणून दोन्ही अर्ध्या भागांत १.१ मिमी भोक पाडून १.४ मिमीचे आटे घ्या आणि घड्याळातला बारीक स्क्रू बसवून त्याच्या डोक्याखाली वायर दाबा. मोटरच्या पट्टीवर डाग देताना ०.५ मिमी सोल्डर, ३३० अंशांच्या आसपास तापमान आणि दोन सेकंद, त्याहून जास्त नाही. ब्रशचं घर प्लास्टिकचं आहे. डिकोडरला मात्र हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) गुंडाळू नका, तो गुदमरतो. खाली एक थर टेप, वरून मोकळा.

बॉडी लावायच्या आधी मल्टिमीटर बीपवर ठेवा. मोटरचा प्रत्येक ब्रश आणि फ्रेमचा प्रत्येक भाग, अशा चारही जोड्यांत आवाज येता कामा नये. मग बोग्या हाताने पूर्ण वळवून, मोटर हलवून पुन्हा तपासा. स्क्रू घट्ट केल्यावर फ्रेम मिलिमीटरच्या अंशाने जवळ येते आणि आधी न वाजलेला बीप तेव्हा वाजतो.

पहिला करंट नेहमी प्रोग्रामिंग ट्रॅकवर, म्हणजे डिकोडरच्या सेटिंगसाठीच्या वेगळ्या रुळावर. तिथे करंट मर्यादित असतो, त्यामुळे चूक झाली तरी डिकोडर बहुधा वाचतो. सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग. सीव्ही ८ (निर्मात्याचा क्रमांक) वाचा, १४५ आलं म्हणजे झिमो जिवंत आहे. वाचन होतच नसेल तर आधी मोटरच्या वायरी बघा. डिकोडर उत्तर देतो ते मुख्यतः मोटरला क्षणभर करंट देऊन, कमांड स्टेशनला (रुळांवर आदेश पाठवणाऱ्या यंत्राला) ६० मिलिअँपिअरची उसळी दिसावी लागते. मोटर सुटलेली असेल तर बहुधा उत्तरच जात नाही.

दिशा उलटी आली तर सगळे सीव्ही २९ मध्ये १ मिळवतात. त्याने गाडी आणि दिवे दोन्ही एकदम फिरतात. दिवे बरोबर आणि फक्त गाडी उलटी असेल तर नारिंगी-करडी अदलाबदल हाच साधा उपाय, एकट्या सीव्ही २९ ने ते होत नाही.

सीव्ही २९ कारखान्यातून १४ येतो. तो १० करा, म्हणजे अॅनालॉग (साध्या डीसीवर चालणं) बंद. हे ऐच्छिक समजू नका. शॉर्ट होऊन करंट परत येताना अॅनालॉग चालू असलेला डिकोडर कधी कधी सिग्नलला डीसी समजतो आणि इंजिन सुसाट सुटतं. इंजिनाला लांब (चार आकडी) पत्ता हवा असेल तर ४२. कमांड स्टेशनवर रुळाचं व्होल्टेज बदलता येत असेल तर १२ ठेवा. सीव्ही ५७ (मोटरच्या पूर्ण वेगाचं व्होल्टेज) मुळात शून्य असतो, म्हणजे रुळाच्या व्होल्टेजच्या मागे जातो. १०० दिला की मोटरला पूर्ण वेगातही १० व्होल्टचाच हिशोब मिळतो, आणि या मापाच्या शंटिंग इंजिनाला तेवढं पुष्कळ झालं. पाच ध्रुवांच्या मोटरला मोटर-नियंत्रणाचे सीव्ही ९ आणि ५६ दोन्ही मूळ ५५ वरच छान चालतात. जुनी तीन ध्रुवांची मोटर हळू वेगात ठेचकाळत असेल तर सीव्ही ९ चा एकं स्थानचा आकडा वाढवा, ५७ किंवा ५८. तरीही धक्के राहिले तर सीव्ही ५६ ला ३३ देऊन बघा. सीव्ही ३ (वेग वाढणं) आणि ४ (वेग कमी होणं) मध्ये प्रत्येक आकडा म्हणजे सुमारे ०.९ सेकंद. १२ आणि ८ या जोडीने गाडीला वजन असल्यासारखं वाटतं.

दिव्यांसाठी जुने ग्रेन बल्ब काढाच, बॉडीच्या आत त्यांची उष्णता प्लास्टिक वितळवते. ०६०३ आकाराचा वॉर्म व्हाइट एलईडी, निळ्या वायरीला प्लस बाजू, दुसऱ्या बाजूला ४.७ किलोओहम. करंट दीड मिलिअँपिअरच्या आसपास येतो, तरीही रात्रीच्या देखाव्यात तो भगभगीत दिसतो. सीव्ही ६० (दिव्यांचा उजेड) मध्ये १७० दिलं की दोन तृतीयांश होतो.

आता महिन्यांनंतरची गोष्ट. डिकोडर एकदा नीट बसला की त्याच्याकडे बघावंही लागत नाही. त्रास देतात ती चाकं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत जूनपासून निकेल-सिल्व्हरच्या रुळांवर काळा थर जलद बसतो, आणि डीसीवर नुसतं अडखळणारं इंजिन डीसीसीवर थांबून दिव्यासकट डोळा मारतं. पॉलिश पेपर लावू नका, ओरखड्यांत घाण अधिक बसते. धागे न सुटणाऱ्या सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसा. चाकांसाठी तेच कापड रुळावर अंथरून एक बोगी त्यावर, दुसरी रुळावर ठेवा आणि मोटर फिरवा. मग बाजू बदला. तेल फक्त गिअरला, तेही सुईच्या टोकाइतकं. आसांच्या पितळी पट्ट्यांवर तेल गेलं की करंट उचलणंच बिघडतं.

बॅकअप कपॅसिटरबद्दल अपेक्षा माफक ठेवा. २२० मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा टँटलम, १०० ओहम आणि उलट दिशेचा डायोड एवढं बसवलं आणि पाच व्होल्टचा उतार धरला तरी ५० मिलिअँपिअर घेणारी मोटर जेमतेम २० मिलिसेकंद चालते. धुळीचा कण ओलांडायला ते पुरेसं आहे, प्लास्टिकच्या फ्रॉगवर (सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यावर) अडकलेल्या चार चाकी इंजिनाला नाही. शिवाय ग्राउंडसाठी डिकोडरच्या पॅडवर थेट डाग द्यावा लागतो. हात स्थिर नसेल तर सोडून द्या आणि फ्रॉगला करंट द्या.

बदलावं लागलं ते एकच: काळी वायर. बोगी वळताना तिच्यावर घासत होती आणि इन्सुलेशन झिजून तांबं दिसू लागलं होतं. वायरी फ्रेमच्या खाचेत बसवून दर दोन सेंटिमीटरवर टेपचा तुकडा लावा, आणि दोन-तीन महिन्यांनी बॉडी काढून बोगीजवळचा भाग भिंगाखाली बघा.