उंदीर मारायला आले आणि साडेसोळा हजार घेऊन गेले

ठाण्यात नौपाड्यात सध्या जिकडे बघावं तिकडे पुनर्विकास चालू आहे. जुनी इमारत पाडली की तिथल्या उंदरांचं बिऱ्हाड शेजारच्या इमारतींत येतं, आणि त्यांच्या मागोमाग उंदीर मारून देतो म्हणणारी माणसंही येतात. आमच्याकडे दोन्ही आले. दुसऱ्यांनी जास्त नुकसान केलं म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी मोरीतला साबण कुरतडलेला दिसायला लागला. मग पाण्याच्या फिल्टरची नळी फुटली. एके दिवशी वॉशिंग मशीन बंद पडलं. दुरुस्तीला आलेल्या मुलाने खालून हात घालून वायरी बाहेर काढल्या आणि म्हणाला, "रॅट बाइट आहे मॅडम, वॉरंटीत बसत नाही." त्याच आठवड्यात पेपरातून एक पत्रक आलं: उंदीर, घुशी, ढेकूण, झुरळं, फक्त 499 रुपये, 5 वर्षांची लेखी गॅरंटी. फोन केला, दुपारी दोघंजण हजर.

माणसं अगदी घरातल्यासारखी वागली. चपला दाराबाहेर काढल्या, गळ्यात ओळखपत्र, सासूबाईंना "आजी, पाय दुखतात का तुमचे?" वगैरे विचारपूस. मग त्यातला एकजण टॉर्च घेऊन माळ्यावर चढला आणि पाच मिनिटांत कागदावर मूठभर लेंड्या घेऊन उतरला. "घुशी आहेत मॅडम. जोडी आहे. पिल्लंही झालीत, आवाज येतोय वरून." मला काही आवाज येत नव्हता. त्या लेंड्या करड्या पडलेल्या होत्या आणि त्याच्या अंगठ्याखाली एक दबली तर तिचा चुरा झाला. हे लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे.

दर विचारला. "499 तपासणीचे, ते बिलातून वजा होतील. औषध पॉइंटवर. 120 रुपये पॉइंट. जिथे गरज तिथेच लावतो." किती पॉइंट लागतील? "आठ-दहा लागले तर लागले, घर बघून सांगतो." मग दोघंही कामाला लागले. एकाच्या हातात इंजेक्शनची मोठी सिरिंज, तिच्यात काळपट पेस्ट. फर्निचरच्या मागे, ट्रॉलीच्या खाचेत, दाराच्या चौकटीला, पंख्याच्या बटणाखाली, अगदी देवघराच्या पाटाखालीसुद्धा मुगाएवढे ठिपके. दुसरा वहीत रेघा मारत होता. औषध कुठलं म्हणून विचारलं तर "हर्बल आहे, लहान मुलांना काही होत नाही. उंदीर खातो, तहान लागून बाहेर जातो, बाहेरच मरतो. घरात वास नाही." बाटलीला लेबल नव्हतं.

अर्ध्या तासात काम संपलं आणि वही पुढे आली. 186 पॉइंट गुणिले 120, म्हणजे 22,320 रुपये. एक ठिपका म्हणजे एक पॉइंट! मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, "दर सांगितला होता की. औषध लावून झालंय, आता परत कसं काढणार?" 'आजी' केव्हाच बंद झालं होतं. एकजण स्टुलावर ठाण मांडून बसला, दुसरा दाराला टेकून उभा. घरात मी, सासूबाई आणि शाळेतून आलेला मुलगा. घासाघीस करून 14,000 वर आले, वर "तुमच्यासाठी जीएसटी माफ" असं म्हणून उपकारही केले. शिवाय भिंतीत लावायचं एक ध्वनिलहरींचं यंत्र 2,500 ला. पैसे यूपीआयने घेतले, ते कंपनीच्या नाही, भलत्याच कुणाच्या तरी वैयक्तिक नावावर.

पुढच्या आठवड्यात ट्रॉलीमागे एक उंदीर मेला. घरातच मेला, आणि वास असा की सासूबाईंना जेवण जाईना. बाकीचे उंदीर खुशाल फिरत होते. फोन केला तर "सेकंड डोस लागेल, सहा हजार." त्यानंतर नंबर बंद.

आमचा भाचा भिवंडीच्या गोदामांमध्ये पेस्ट कंट्रोलचं काम करतो. त्याला आधीच बोलवायला हवं होतं हे सगळ्या नातेवाइकांनी सांगून झालंय, त्यामुळे इथे पुन्हा कुणी सांगू नये. त्याने पत्रक वाचलं आणि पहिला प्रश्न केला, "मामी, तिसऱ्या मजल्यावर घूस कुठून येणार?" घूस जमिनीत बिळं करून राहते, गटाराच्या कडेला, तळमजल्याच्या जोत्याखाली. पाइपावरून सरसर वर चढतो तो नेहमीचा काळा उंदीर. औषध कुठे ठेवायचं हे प्राण्यावर ठरतं, आणि या दोघांना प्राणीच ओळखता येत नव्हता, किंवा ओळखायचा नव्हता. घूस म्हटलं की माणूस जास्त घाबरतो.

लेंड्यांचंही तसंच. ताजी लेंडी काळीभोर, ओलसर चमकदार असते आणि काडीने दाबली तर दबते. करडी, कोरडी, चुरा होणारी म्हणजे जुनी. आमच्या माळ्यावरची कधीची होती देव जाणे, कदाचित त्यांनी खिशातूनच आणली असेल. मोठ्या उंदराची लेंडी साधारण अर्धा इंच ते पाऊण इंच लांब असते, पिटुकल्या उंदराची तांदळाच्या दाण्याहूनही लहान. आणि फक्त चिचुंद्री असेल तर घाबरायचं कारण नाही, ती उंदरांच्या जातीचीच नाही, उलट झुरळं खाते.

पेस्टच्या बाबतीत मात्र भाचा गंभीर झाला. तिला लसणासारखा वास होता. झिंक फॉस्फाइड किंवा पिवळा फॉस्फरस असलेल्या विषांना असा वास येतो, आणि दोन्हींवर उतारा नाही. हर्बल कसलं डोंबलाचं! परवानाधारक माणूस घरात सहसा ब्रोमाडिओलोनच्या मेणाच्या वड्या वापरतो, 0.005 टक्क्यांच्या, त्याही बंद डब्यात. त्या रक्त गोठू देत नाहीत, उंदीर तीन-चार दिवसांनी मरतो, आणि चुकून कुणी खाल्लंच तर व्हिटॅमिन के1 हा उतारा आहे. पण कुठलंही औषध खाल्लेला उंदीर शहाण्यासारखा बाहेर जाऊन मरत नाही. जिथे आडोसा मिळेल तिथे मरतो. शिवाय झिंक फॉस्फाइडसारखं जलद विष थोडं चाखून उंदीर आजारी पडला आणि वाचला, तर पुन्हा त्या चवीला तोंड लावत नाही. म्हणून जाणकार माणूस आधी दोन-तीन रात्री विषाशिवाय नुसतं आमिष ठेवतो. आमच्याकडे एका दुपारी 186 ठिपके!

यंत्राबद्दल एवढंच सांगते: अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2001 मध्येच असली यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या 60 हून अधिक जणांना तुमच्या दाव्यांना पुरावा द्या म्हणून पत्रं धाडली होती. आमच्या यंत्राच्या पेटीवर आता पाल बसते.

भाच्याने एकही थेंब औषध लावलं नाही. रात्री ओट्याखाली आणि भिंतीच्या कडेने टाल्कम पावडर भुरभुरवली. सकाळी पावलांची रांग सिंकखालून निघून थेट वॉशिंग मशीनपर्यंत. सिंकचा पाइप भिंतीतून डक्टमध्ये, म्हणजे इमारतीचे पाइप जिथून जातात त्या पोकळीत जातो तिथे दोन बोटं जातील एवढी फट, आणि तिच्या काठावर काळा तेलकट डाग. उंदीर रोज एकाच वाटेने जातो, अंगाचा मळ लागून असा पट्टा तयार होतो. पट्टा दिसला की वाट सापडली. त्या दोघांनी सिंकखाली टॉर्चसुद्धा मारला नव्हता.

त्या फटीत त्याने पाव इंची लोखंडी जाळी कोंबून वर सिमेंट लावलं. नुसतं सिमेंट ओलं असताना किंवा फोम भरला तर उंदीर कुरतडून काढतात. नहाणी ट्रॅपवर, म्हणजे मोरीतलं पाणी जातं त्या भोकावर स्टीलची जाळी, एसीच्या पाइपाच्या भोकाला तसंच, वॉशिंग मशीनच्या बुडाला पत्रा. आत अडकलेल्यांसाठी भिंतीला लागून पिंजरे, आमिषाला सुका बोंबील. पहिले दोन दिवस पिंजऱ्याचं दार बांधून उघडंच ठेवलं, कारण नव्या वस्तूला उंदीर बिचकतो. सगळा खर्च हजाराच्या आत. माळ्यावरच्या लेंड्या झाडू न मारता आधी ब्लीचच्या पाण्याने भिजवून पुसल्या. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो हे 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबई-ठाण्यात कुणाला सांगायला नको.

पैशांचं म्हणाल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. पत्रकावर पत्ताच नाही. बिलावरचा जीएसटी क्रमांक 12 आकडी निघाला. खरा 15 अक्षरांचा असतो, आणि महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून बघायला मिनिट लागतं. दारात घेण्याआधी हे बघा. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली असा धंदा करायला परवाना लागतो, त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर मागा. खरा माणूस लगेच पाठवतो, खोटा "आल्यावर दाखवतो" म्हणतो. दर पॉइंटवर, मिलीवर किंवा ग्रॅमवर सांगितला तर तिथेच फोन ठेवा. खोलीचा किंवा घराचा एकूण आकडा लिहून घ्या. आणि उंदरांवर पाच वर्षांची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, बाहेरचे उंदीर काही त्याच्याशी करार करून आलेले नसतात.

तुमच्याकडे अशी पेस्ट आधीच लावून गेले असतील तर हातमोजे घालून जुन्या कार्डाने खरवडून काढा, पिशवीत घट्ट बांधा, पिशवीवर 'विष' असं ठळक लिहा, गटारात किंवा संडासात टाकू नका. पाळलेलं मांजर असेल तर तोवर दुसऱ्या खोलीत. बाटलीचा, लेबल असेल तर लेबलचा फोटो काढून ठेवा. मुलाने तोंडात घातलं तर डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात.