एफपीएस अचानक पडला : सफाई, ड्रायव्हर, विंडोज की नवं कार्ड?

परवापर्यंत दोनशे एफपीएस (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) देणारा संगणकावरचा खेळ आज सत्तरवर आला की घरात पहिलं वाक्य ऐकू येतं, "ग्राफिक्स कार्ड गेलं." दुकानात गेलात तर दुसरं, "जुनं झालंय, नवं टाका." पुढे पंचवीस-तीस हजारांचा प्रश्न उभा राहतो. तो सोडवायच्या आधी बाकीचे मार्ग शेजारी शेजारी ठेवून बघावेत, म्हणून हे लिहितो आहे.

माझं म्हणणं एवढंच की "अचानक" या शब्दातच निम्मं निदान आहे. ग्राफिक्स कार्ड म्हातारं होतं ते नव्या, जड खेळांपुढे. तोच खेळ, तीच सेटिंग असताना ते एका रात्रीत अर्ध्यावर येत नाही. तसं झालं असेल तर काहीतरी बदललंय : हवा, पेस्ट (प्रोसेसरची उष्णता त्याच्या पंख्याकडे नेणारा लेप), ड्रायव्हर (विंडोजकडून कार्ड चालवून घेणारा प्रोग्राम), विंडोज, बायोस (मदरबोर्डमधला मूळ प्रोग्राम) किंवा खुद्द खेळाचं अपडेट. काय बदललं ते शोधायला पैसे लागत नाहीत, तासभर लागतो.

गेल्या मे महिन्यात अकोल्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, व्हॅलोरंट नुसतं अडकतंय. दुकानवाले म्हणतात कार्ड बदला, आरटीएक्स ४०६० घ्या." त्याची मशीन मीच जोडून दिलेली. सहा कोअरचा प्रोसेसर, जीटीएक्स १६६० सुपर कार्ड, १६ जीबी रॅम. प्रोसेसरवर डब्यात सोबत आलेला साधा पंखा. मी म्हटलं, खेळ चालू ठेव आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातले आकडे वाचून दाखव. कार्ड ५८ अंश, वापर ३५ टक्के. प्रोसेसर १०० अंश, वेग १.३ गिगाहर्ट्झ. म्हणजे कार्ड बिचारं बहुतेक वेळ रिकामं बसलं होतं आणि प्रोसेसर गुदमरत होता. कॅबिनेटची बाजू उघडायला लावली, व्हिडिओ कॉलवर टॉर्च मारायला लावला. पंख्याच्या चार काळ्या खिट्ट्यांपैकी खालची डावी बोर्डातून सुटून वर आली होती. पंखा बोटाने दाबला की त्या कोपऱ्यात हलत होता. घराला रंग द्यायचा म्हणून आठवड्यापूर्वी कॅबिनेट दुसऱ्या खोलीत उचलून नेलं होतं, तेव्हाच ती सुटली असणार. त्या मशीनमध्ये ४०६० बसवलं असतं तरी एफपीएस तिथेच राहिला असता.

म्हणून कुठलाही मार्ग निवडण्याआधी आकडे. एमएसआय आफ्टरबर्नर फुकट आहे आणि दुसऱ्या कंपन्यांच्या कार्डांवरही चालतं. त्यात कार्डाचा वापर, कार्डाचं तापमान आणि वेग, प्रोसेसरचं तापमान आणि वेग हे पाच आकडे स्क्रीनवर लावा. वीस मिनिटं खेळा. पहिल्या दोन मिनिटांवर विश्वास ठेवू नका, कारण धातू तापायला वेळ लागतो.

| खेळताना दिसतं ते | संशय कुणावर | आधी काय करावं |
|---|---|---|
| कार्डाचा वापर कमी, प्रोसेसर ९५-१०० अंश, त्याचा वेग पडलेला | पंखा, पेस्ट, धूळ | पंखा घट्ट आहे का बघणं, सफाई |
| कार्ड ८३ अंशांच्या पुढे, त्याचाच वेग पडलेला | कार्डातली धूळ, कॅबिनेटची कोंडलेली हवा | बाजू उघडी ठेवून पुन्हा मोजणं |
| कार्डाचा वापर कमी, तापमानं ठीक | रॅम, बायोस, विंडोज, मागे चाललेला प्रोग्राम | टास्क मॅनेजर, मग बायोस |
| कार्ड ९७-९९ टक्के, तापमान आणि वेग ठीक | ड्रायव्हर, जड झालेला खेळ, अपुरं कार्ड | ड्रायव्हर, मग सेटिंग एक पायरी खाली |

एफपीएस नेमका ६० वर खिळलेला असेल तर यातलं काहीच करू नका. ड्रायव्हर अपडेटनंतर मॉनिटरचा रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा) १४४ वरून ६० वर गेला असेल आणि एफपीएसला त्याच आकड्याशी बांधणारं व्ही-सिंक चालू असेल, तर असंच होतं. आणि सफाईनंतर लगेच खेळ रांगायला लागला असेल तर आधी केबल बघा. एचडीएमआय कार्डाऐवजी मदरबोर्डच्या भोकात गेली, तर चित्र दिसतं पण काम प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सकडे जातं. लॅपटॉप असेल तर तो मूळ चार्जरवरच चालतोय ना, एवढं तपासा.

सफाई आणि पेस्ट : घरी की दुकानात?

आपल्याकडे हा सगळ्यांत आधी करायचा उपाय आहे, आणि विदर्भ-मराठवाड्यात तर उन्हाळ्याच्या तोंडावर दरवर्षी करायचा. खोलीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या भागांचंही साधारण तेवढंच वाढतं. जानेवारीत ७५ अंशांवर सुखाने चालणारं कार्ड मे महिन्यात ८५ ला टेकतं आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. प्रोसेसरचंही तेच. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे, रायझन ५००० मालिकेत ती ९० ते ९५ आहे. ही बिघाडाची खूण नाही. जळण्यापेक्षा हळू चाललेलं बरं, असं ते यंत्र ठरवतं.

घरी करायचं तर ब्लोअर किंवा मऊ ब्रश, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि थर्मल पेस्टची एक नळी. हजाराच्या आत सगळं बसतं आणि पेस्ट तीन-चार वेळा पुरते. पंख्यावर हवा मारताना पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते उलटसुलट भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. पुश-पिनवाला (दाबून बसणाऱ्या खिट्ट्यांचा) पंखा बसवताना खिट्ट्या तिरक्या जोडीने दाबायच्या : आधी वरची डावी आणि खालची उजवी, मग उरलेल्या दोन. चारही वेळा "टक" ऐकू यायला हवं. खात्री नसेल तर बोर्ड बाहेर काढून मागून बघा, चारही काळी टोकं पांढऱ्या पायांतून पूर्ण बाहेर आलेली दिसली पाहिजेत.

दुकानात हेच काम दोन-तीनशेपासून हजारापर्यंत होतं. फरक एवढाच की दुकानात बहुतेक ठिकाणी धूळ उडवतात, पेस्ट तुम्ही सांगितली तरच बदलतात. समोर बसून करून घ्यायची सोय असेल तर दुकान ठीक. पण कार्डाचाच पंखा खोलून पेस्ट बदलायची असेल तर माझं मत वेगळं आहे. कार्ड वॉरंटीत असेल तर घरीही नको आणि गल्लीतल्या दुकानातही नको, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा. वॉरंटी संपली असेल आणि हात सरावलेला असेल तरच घरी. कार्डावर मेमरीच्या चिप्सना चिकटलेले मऊ थर्मल पॅड असतात. ते फाटले आणि चुकीच्या जाडीचे बसवले, तर कार्डाची मुख्य चिप गार आणि मेमरी तापलेली, अशी गत होते.

ड्रायव्हर मागे नेणं, पुसून टाकणं, की विंडोजच नव्याने?

घसरण एखाद्या अपडेटच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाली असेल तर ही तुलना तुमच्यासाठी. तिघांत कष्टांचा फरक प्रचंड आहे.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर जाऊन "रोल बॅक ड्रायव्हर" दाबणं पाच मिनिटांचं काम. आधीचा ड्रायव्हर जागेवर असला तरच ते बटण उमटतं. सुरुवात इथूनच करावी.

त्याने भागलं नाही तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, ज्याला सगळे डीडीयू म्हणतात. आधी हवा तो ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवून ठेवा, मग इंटरनेटची वायर काढा (नाहीतर विंडोज मधेच स्वतःचा ड्रायव्हर टाकतं), सेफ मोडमध्ये जाऊन जुना पुसा आणि नवा टाका. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. अर्धा-पाऊण तास जातो. एनव्हिडियावरून एएमडीवर किंवा उलट गेला असाल तर हा उपाय टाळू नका. एक गोष्ट मात्र लोक विसरतात : नवा ड्रायव्हर टाकल्यावर शेडर (खेळाचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) पुन्हा तयार व्हावे लागतात, त्यामुळे पहिले एक-दोन सामने झटके बसतातच. त्यावरून निकाल लावू नका.

विंडोज नव्याने टाकणं हा शेवटचा मार्ग, आणि आपल्याकडे तो फार लवकर सुचवला जातो. "फॉरमॅट मारा" म्हणणाऱ्याचं काही जात नाही. तुमचे मात्र शंभर-शंभर जीबीचे खेळ पुन्हा उतरवायचे, मुलांचे प्रोजेक्ट, बँकेची कागदपत्रं, प्रिंटरची सेटिंग. विंडोजची मोठी आवृत्ती नुकतीच आली असेल तर पहिले दहा दिवस सेटिंगमधल्या रिकव्हरीतून मागे जाता येतं, ते आधी वापरा. विंडोजच्या सुरक्षा सेटिंगमध्ये कोअर आयसोलेशनमधली "मेमरी इंटेग्रिटी" बंद केल्यावर खेळाला थोडा वेग मिळू शकतो, हे मायक्रोसॉफ्टनेही सांगितलं आहे. पण ती सुरक्षेची भिंत आहे. ज्या संगणकावर घरचे सगळे बँकेचे व्यवहार करतात, तिथे मी ती चालूच ठेवतो. फॉरमॅट मला पटतो तो एकाच प्रसंगी : खेळ बंद असतानाही प्रोसेसर किंवा कार्ड ८०-९० टक्के राबतंय, आणि टास्क मॅनेजर उघडताच ते गुपचूप खाली येतंय. फुकटच्या क्रॅकसोबत आलेले मायनर (तुमच्या मशीनवर चोरून क्रिप्टो चलन कमावणारे प्रोग्राम) असे लपतात. तिथे निवडून साफ करण्यात वेळ घालवू नका.

बायोस विसरतो तेव्हा

हा गुन्हेगार कुणाच्या यादीत नसतो. ३२०० मेगाहर्ट्झ लिहिलेली डीडीआर४ रॅम आपोआप त्या वेगाने चालत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी ही रॅमला लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग चालू करावी लागते. बायोस अपडेट केला किंवा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की ती सेटिंग पुसली जाते आणि रॅम २१३३, २४०० किंवा २६६६ वर येते. रायझनच्या मशीनला हे जास्त झोंबतं. आमच्याकडे लोडशेडिंग असतं तिथे, रात्री मेन स्विच बंद करायची सवय असते तिथे, सेल लवकर संपतो. विंडोज इंटरनेटवरून घड्याळ दुरुस्त करून घेतं, त्यामुळे वेळ तपासायची ती बायोसमध्ये जाऊन. ती मागे पडलेली असेल तर सेल बदला, पन्नास रुपयांच्या आतलं काम. विंडोज ११ वर व्हॅलोरंट उघडतच नाही असं झालं असेल तरी हेच बघा, कारण त्याला लागणारं सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) बायोसच्या सेटिंग पुसल्या गेल्यावर बंद पडलेलं असतं.

टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर वेग आणि किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. दोन रॅम लावल्या असून तिथे एकच दिसत असेल तर दुसरी सैल झाली आहे. काढून, पुन्हा दोन्ही बाजूंनी आवाज येईपर्यंत दाबा. रॅम विकत घ्यायची घाई नको. २०२५च्या अखेरीपासून तिचे भाव चांगलेच चढले आहेत.

आणि मग कार्ड

सगळं तपासून कार्ड ९९ टक्क्यांवर, गार आणि पूर्ण वेगात दिसत असेल, आणि तक्रार नव्या खेळांची असेल, तर दुकानदार बरोबर आहे. जीटीएक्स १०६० वाल्यांना एक कारण जास्त आहे : एनव्हिडियाने त्या पिढीसाठी खेळांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले, आता २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेची अपडेट मिळणार. १६६० त्यात येत नाही.

नव्यात आरटीएक्स ४०६० (११५ वॉट) आणि आरएक्स ६६०० (१३२ वॉट) ही दोन्ही १६६० सुपरच्या (१२५ वॉट) जागी साधारण त्याच पॉवर सप्लायवर बसतात. दोन्ही पीसीआयच्या (कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या मार्गाच्या) आठच लेन वापरतात, त्यामुळे एच४१० किंवा बी४५० सारख्या जुन्या बोर्डवर त्यांना अर्धा रस्ता मिळतो. एरवी फरक थोडा पडतो, पण टेक्सचर वर नेऊन ८ जीबी मेमरी भरली की झटके जाणवतात. बोर्ड जुना आणि बजेट कमी असेल तर मी ६६०० कडे झुकेन.

सेकंडहँड कार्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ओळखीतून, इतिहास विचारा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं तेव्हा ढिगाने कार्डं बाजारात आली आणि ती अजून हात बदलत आहेत. अशा कार्डांची चिप बऱ्याचदा ठीक असते, पंखे आणि पॅड झिजलेले असतात. समोर पंधरा मिनिटं भार देऊन चालवायला सांगा, तापमान बघा, पंख्याला कान लावा. आणि पैसे देण्याआधी बिलावरचा सिरियल नंबर कार्डाच्या मागच्या स्टिकरशी ताडून घ्या, कारण वॉरंटी शिल्लक असेल तर सर्व्हिस सेंटरवाले तोच नंबर विचारतात.