मासा भाजायचा कागद: दोन रोल वापरून

आईचं तळलेलं खाणं बंद झाल्यापासून आठवड्यातून दोनदा रात्री मी मासा कागदात भाजते. त्यासाठी आणलेला पार्चमेंट पेपरचा पहिला रोल महिन्याभरापूर्वी संपला आणि दुसरा उघडला. पहिला पांढरा, पातळ. आताचा तपकिरी, ब्लीच न केलेला, हाताला जाड लागणारा. दोन्हींवर सिलिकॉनचा थर, दोन्ही खोक्यांवर ‘२२० अंश सेल्सियसपर्यंत’ छापलेलं. वाचून कुठला चांगला ते कळत नाही. घडी घातली की लगेच कळतं.

या प्रकारात कागदाचं सगळं काम घडीचंच आहे. मासा शिजतो तो स्वतःच्याच वाफेवर. पुडी घट्ट असली तर कागद टम्म फुगतो आणि चमचाभर तेलात भागतं. एखाद्या कोपऱ्यातून वाफ निसटली की तुकडा कडेनं सुकतो. फ्रेंचमध्ये याला आं पापियोत म्हणतात, इटालियनमध्ये अल कार्तोच्चो. आमच्या घरी ‘पुडी’.

कागदाचा साधारण ४० सेंटिमीटरचा तुकडा मधोमध दुमडून कात्रीनं अर्धा बदाम कापायचा, म्हणजे उघडल्यावर पत्त्यातला अख्खा बदाम होतो. दुमडीला लागून एका अंगाला मासा ठेवायचा, वर लिंबाच्या चकत्या, टोमॅटो, मीठ, मिरी, तेल. मग दुसरा अर्धा भाग वर घेऊन बदामाच्या खाचेपासून मुरड घालत जायचं, प्रत्येक घडी आधीच्या घडीवर अर्धी चढलेली. शेवटी टोकाला पीळ देऊन तो पुडीखाली सारायचा.

पांढऱ्या कागदाची मुरड बसतच नसे. दाबून हात काढला की घडी सावकाश उलगडायची, जणू तिला कोणी हाक मारलीय. एकदा ओव्हनमध्येच पीळ सुटला. लिंबू-टोमॅटोचा सगळा रस ट्रेवर जाऊन करपला आणि माशाची कड पुठ्ठ्यासारखी झाली. त्यानंतर कडांना अंड्याचा पांढरा भाग लावून चिकटवायला लागले. उपाय चांगला आहे, पण एका पुडीसाठी अंडं फोडायचा दर वेळी कंटाळा येतो. तपकिरी कागदावर नखानं एकदा दाबलं की घडी तिथल्या तिथे. पांढऱ्याला पाचपैकी अडीच, तपकिरीला चार.

पाचवा गुण खोक्यानं घालवला. कडेची दातेरी पट्टी कागद सरळ कापतच नाही, तिरका फाडते. शिवाय रोलचा कागद सारखा गुंडाळी व्हायला बघतो. चुरगाळून पुन्हा पसरला की निमूट पडून राहतो, तेवढं त्याला जमतं.

ते २२० अंश ओव्हनच्या हवेचे, सळीचे नव्हेत, हे मला उशिरा समजलं. माझा ओव्हन छोटा. फुगलेली पुडी वरच्या सळीला टेकली आणि तेवढ्या जागी कागद काळा पडून धुरायला लागला. तेव्हापासून ट्रे सगळ्यात खालच्या कप्प्यात.

वेळेचं म्हणाल तर आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर अडीच सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला मला १२ ते १५ मिनिटं लागतात. आत डोकावता येत नाही, ही या पद्धतीची खरी अडचण. म्हणून मी थर्मामीटरची सुई कागदातूनच आरपार माशात खुपसते. ६३ अंश दिसले की झालं. पुडी बाहेर काढल्यावरही आतली वाफ काम करतच असते, त्यामुळे काढली की लगेच वाढायची. ताटं घेऊन मग माणसांना हाका मारत बसलं तर मासा चिवट होतो. भाज्यांचीही वेळ माशाशी जुळायला हवी. पहिल्यांदा मी खाली बटाट्याच्या जाड चकत्या लावल्या होत्या. मासा तयार आणि बटाटा करकरीत कच्चा! आता बटाटा आधी उकडून, गाजर काडीसारखं चिरून. फ्रीजरमधला मासा असेल तर त्याचा बर्फ पूर्ण सुटू द्यायचा आणि टिपून कोरडा करायचा, नाहीतर पुडीत सूप.

फॉइल चालणार नाही का, असं मला दोघीतिघींनी विचारलं. चालेल, आणि घडी तर कुठल्याही कागदापेक्षा छान बसेल. पण मी लिंबू भरपूर घालते आणि आंबटाशी ॲल्युमिनियमचं पटत नाही. मेणकागद मात्र अजिबात नको, मेण वितळून धूर होतो. बटर पेपर या नावाखाली तर काहीही विकतात, तेव्हा खोक्यावर ओव्हनचं तापमान छापलेलं नसेल तर तो डबे झाकायला ठेवा.

आईनं पहिल्या दिवशी पुडीत बघून विचारलं, “हा उकडलाय ना गं?” चूक नव्हतं तिचं. आत सगळी वाफ, त्यामुळे तापमान शंभराच्या फारसं वर जात नाही आणि मासा तांबूस होत नाही. कुरकुरीत कातडीची आस असेल तर हा कागद घेऊच नका. कातडी यात गिळगिळीत होते, मी ती काढूनच आणते. मासा मात्र काट्यानं नुसता स्पर्श केला तरी पाकळ्या सुटाव्यात तसा सुटतो आणि तळाशी दोन-तीन चमचे रस साठतो. त्या रसावर आईचा डोळा असतो.

पुडी फोडताना तोंड लांब ठेवायचं, वाफ जोरात अंगावर येते. माझी दोन बोटं त्यात पोळली आहेत. आता आईच कात्री मागून घेते, पुडीच्या पोटावर फुलीसारखे दोन काप देते आणि चष्म्यावरची वाफ पुसत म्हणते, “मीठ कमी आहे.”