दीड लाख चाललेली ऑटोमॅटिक: ऑइल ड्रेन करायचं, मशीनने फ्लश करायचं की हातच लावायचा नाही?

सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली की हा घोळ होतोच. दीड लाख किमी झालेत, आधीच्या मालकाने गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं याचा कागद नाही, एक मेकॅनिक म्हणतो लगेच बदला आणि दुसरा म्हणतो हात लावाल तर गिअरबॉक्स बसेल. गंमत म्हणजे दोघांनीही तसं होताना बघितलेलं असतं.

आधी दुसऱ्याची बाजू बघू. ऑटोमॅटिकमधलं ऑइल नुसतं वंगणाला नसतं, त्याच्याच प्रेशरवर क्लच दाबले जातात आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या (कुठल्या क्लचला ऑइल जाईल ते ठरवणारा भाग) बारीक वाटांमधून ते फिरतं. त्यामुळे तळाला बसलेला गाळ सुटून त्या वाटांत अडकला की गिअर झटक्याने पडतात किंवा उशिरा पडतात. पण खूपदा काय होतं, गाडी आधीच स्लिप होत असते (इंजिन जोरात फिरतं पण गाडी तेवढी ओढत नाही), लोक शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदलतात आणि चार दिवसांनी बॉक्स गेला की खापर नव्या ऑइलवर. झिजलेली क्लच प्लेट ऑइलने भरून येत नाही हो. तुमची गाडी आत्ताच स्लिप होत असेल, ऑइल काळं आणि जळका वास असेल तर बदलण्यावरून फार आशा धरू नका, ते पैसे ओव्हरहॉलसाठी बाजूला ठेवा.

गाडी नीट चालतेय आणि फक्त हिस्टरी माहीत नाही, तर खरी निवड ड्रेन की फ्लश एवढीच उरते. ड्रेनमध्ये खालचा नट काढून जेवढं येईल तेवढं काढायचं आणि तेवढंच भरायचं. सगळं येत नाही, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा भाग) आणि ऑइल कूलरमधलं आतच राहतं. समजा एका वेळी 40 टक्के बदललं, तर तीनदा केल्यावर साधारण 78 टक्के नवीन होतं, मध्ये मध्ये गाडी चालवायची आणि घाई करायची नाही. फ्लशमध्ये मशीन कूलरच्या पाइपला लावून जवळपास सगळं एकाच बैठकीत बदलतात, ऑइल जास्त लागतं, बिलही मोठं. वेळेवर बदलत आलेल्या गाडीला चांगल्या मेकॅनिकने केलं तर ठीक आहे, पण हिस्टरी नसलेल्या जुन्या गाडीला मी तरी फ्लश करणार नाही. शक्य असेल तर पॅन (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं) उघडून फिल्टरही बघा. पॅनमधल्या चुंबकावर करडी पेस्ट असली तर चालतं, धातूचे तुकडे दिसले तर तिथेच थांबा.

आणि तसंच ठेवायचं म्हणाल, तर कधीच बदलावं लागत नाही म्हणतात त्या 'लाइफटाइम' ऑइलवर फार विसंबू नका. बीएमडब्ल्यूसारख्यांना गिअरबॉक्स देणारी झेडएफ कंपनी स्वतःच 80 हजार ते 1 लाख 20 हजार किमी किंवा 8 वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा बदला असं सांगते. आपल्याकडचं ट्रॅफिक आणि घाट धरले तर त्याच्याही आधीच बदललेलं बरं.

आता बदलल्यावरच त्रास सुरू झाला असेल तर लगेच गिअरबॉक्स खोलू देऊ नका, आधी लेव्हल आणि ग्रेड बघा. डी टाकल्यावर गाडी उशिरा उचलते, म्हणजे बहुधा ऑइल कमी. जास्त भरलं तरी फेस होऊन प्रेशर जातं. लेव्हल बघायची पद्धतही गाडीगणिक वेगळी: डिपस्टिकवाल्या होंडामध्ये गाडी गरम करून इंजिन बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटात बघतात, जुन्या टोयोटात इंजिन चालू ठेवून, आणि डिपस्टिकच नसलेल्या गाड्यांत ऑइलचं टेंपरेचर स्कॅनरवर बघून ओव्हरफ्लो प्लगने (जादा ऑइल बाहेर येतं ते बूच), त्यामुळे थंड गाडीत अंदाजाने भरलं असेल तर लेव्हल चुकणारच. ग्रेडचं तर विचारूच नका. सीव्हीटीमध्ये (ठराविक गिअरऐवजी बेल्टवर चालणारी ऑटोमॅटिक) साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल, टाकलं तर बेल्ट घसरतो, होंडा सीव्हीटीला एचसीएफ-2 नावाचं ऑइल लागतं, टोयोटाच्या बऱ्याच नेहमीच्या ऑटोमॅटिकला डब्ल्यूएस नावाचं. 'सगळ्याला चालतं' म्हणून ड्रममधलं ओतलं असेल आणि 50-60 च्या स्पीडला गाडी थरथरत असेल तर पहिला संशय त्यावरच घ्या. बिलावर ऑइलचं नाव आणि किती लिटर हे लिहून घ्या, जेवढं निघालं तेवढं मोजून बघायला सांगा. काही गाड्यांत ऑइल बदलल्यावर स्कॅनरने अॅडॅप्टेशन (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने शिकून ठेवलेली सेटिंग) रिसेट करावं लागतं, तेही विचारा.

एएमटीवाल्यांनी (म्हणजे क्लच आणि गिअर यंत्रणा स्वतः टाकते अशा गाडीवाल्यांनी) यातलं काही मनावर घेऊ नका, तुमचा गिअरबॉक्स आतून मॅन्युअलच आहे, साधं गिअर ऑइल.