केस उपटण्याच्या सवयीसाठी मनगटी बँड: दिवसा कामाचा, रात्री अर्धाच

हात डोक्याकडे गेला की मनगटावर थरथरणारा हा बँड ट्रायकोटिलोमेनियातून, म्हणजे केस उपटण्याच्या अनावर सवयीतून, बाहेर पडताना घेण्याजोगा आहे. फक्त झोप सुधारेल म्हणून घेऊ नये. वाचताना, टीव्ही बघताना, अंथरुणात पडल्यापडल्या हात नकळत वर जातो, तिथे तो चांगलं काम करतो. ताण असह्य झाला म्हणून जाणूनबुजून केस ओढले जातात तेव्हा मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. जे आधीच माहीत आहे तेच तो सांगतो.

बँडला हालचाल शिकवावी, म्हणजे एकदा करून दाखवून साठवावी लागते, आणि बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात. आतला सेन्सर हाताचा कोन गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून ओळखतो. बसून टाळूला हात लावला तर मनगटापासून कोपरापर्यंतचा हात बराचसा उभा असतो, कुशीवर झोपून लावला तर आडवा. म्हणून खुर्चीत बसून शिकवलेला बँड अंथरुणात गप्प राहतो आणि लोकांना वाटतं, बिघडला. रोज ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर आडवं होऊन वेगळी नोंद करा. मग उशीखाली हात घातला तरी तो थरथरेल, कारण कोन जवळपास तोच. तेव्हा संवेदनशीलता एक पायरी कमी करायची. एकच हालचाल साठवणारा बँड असेल तर रात्रीचा नाद सोडा.

थरथर ही नुसती सूचना. ती आल्यावर मूठ वळायची, हात अंगालगत ठेवायचा आणि ओढ ओसरेपर्यंत, निदान एक मिनिट, तसाच धरायचा. मानसशास्त्रज्ञ ॲझ्रिन आणि नन यांनी 1973 मध्ये मांडलेल्या सवय-बदल पद्धतीतला हा भाग आहे. तो वगळला तर थरथरीचीच सवय होते आणि ती जाणवेनाशी होते. बँड एकाच हातात असेल तर दुसरा हात कामाला लागतो, हेही ठरलेलं.

दिवा मालवला की बँड काढून ठेवावा. झोप लागत असताना मनगट थरथरलं की जाग येते, आणि अपुऱ्या झोपेनंतर दुसऱ्या दिवशी ताणही वाढतो, हात आवरणंही जड जातं. रात्रीसाठी साधी कापडी चिकटपट्टी बरी: अंगठा आणि तर्जनीच्या टोकांना एकेक वेढा, घट्ट नाही. केस चिमटीत धरता येत नाही, निसटतो. सुती हातमोजेही चालतात, पण उकाड्यात झोपेतच काढून फेकले जातात. साधारण 20 मिनिटांत झोप आली नाही तर लोळत पडू नका, कारण रिकामा हात तेव्हाच वर जातो. उठून मंद उजेडात हाताला काम द्या, विणकाम किंवा कपड्यांच्या घड्या. आरसा आणि प्रखर दिवा टाळा. सकाळी उठायची वेळ मात्र रोज तीच.

बँडच्या ॲपमधला दिवसाचा आकडा झोपण्यापूर्वी बघू नये. तो हालचालींचा असतो, उपटलेल्या केसांचा नव्हे. चष्मा सारखा केला तरी वाढतो, आणि उगाच घोर लागतो.

पापण्या किंवा भुवयांचे केस ओढणाऱ्यांनी परत करण्याची सोय असेल तरच घ्यावा. हनुवटीला हात टेकणं आणि पापणीला बोट लावणं यातला फरक बँडला नीट कळत नाही. केस गिळले जात असतील आणि पोटदुखी किंवा उलट्या असतील तर खरेदी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. पोटात केसांचा गोळा साचलेला असू शकतो.