कॉम्प्युटरवर ब्लू-रे बघायचं सॉफ्टवेअर घेताय? पैसे भरायच्या आधी हे वाचा

ब्लू-रे डिस्क कॉम्प्युटरवर बघायच्या म्हणून सॉफ्टवेअर विकत घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा, लांबलचक झालंय पण पूर्ण वाचा, कारण माझ्याकडून ज्या पद्धतीने पैसे काढले तीच पद्धत कितीतरी साइटवर राजरोस चालू आहे. कंपनीचं नाव इथे देत नाही, तक्रार अजून चालू आहे, आणि तसंही एका नावाने काही होत नाही, उद्या तेच सॉफ्टवेअर दुसऱ्या नावाने समोर येतं. पद्धत ओळखता आली पाहिजे.

माझा मोठा भाऊ न्यू जर्सीला असतो. तिकडे सेलमध्ये डिस्क चांगल्या भावात मिळतात म्हणून तो येताना बऱ्याच घेऊन आला, काही साध्या ब्लू-रे आणि काही फोर-के अल्ट्रा एचडी. आता कोण डिस्क बघतं असं म्हणणारे भेटतात, त्यांना एवढंच सांगतो की नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ मेगाबिटचं कनेक्शन पुरेल म्हणतं आणि फोर-के डिस्कवरून सेकंदाला १०० मेगाबिटच्या वर डेटा येऊ शकतो, अंधाराच्या सीनमध्ये आणि आवाजात तो फरक कुणालाही कळतो. पीसी माझा चांगला आहे, इंटेलचा १२व्या पिढीचा प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड, फोर-के मॉनिटर. बाहेरून यूएसबीला जोडायचा ब्लू-रे ड्राइव्ह ऑनलाइन मागवला, डिस्क टाकली, विंडोजने फोल्डर उघडून दाखवला आणि बस. पिक्चर काही लागेना.

इथे पहिली गोष्ट लक्षात घ्या जी ड्राइव्ह विकणारे कुणी सांगत नाहीत. विंडोजच्या कुठल्याच आवृत्तीत ब्लू-रे पिक्चर चालवायची सोय कधी आलेली नाही, विंडोज ८ पासून तर साधी डीव्हीडीसुद्धा आपोआप चालत नाही. अ‍ॅपलने मॅकमध्ये ब्लू-रे ड्राइव्ह कधी दिलाच नाही. म्हणजे ड्राइव्हचे पैसे वेगळे आणि डिस्क चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे पैसे वेगळे. ड्राइव्हच्या खोक्यावर फोर-के लिहिलेलं असतं ते ड्राइव्हला डिस्क वाचता येते एवढ्यापुरतं, पिक्चर दिसेल असं त्यात कुठेच म्हटलेलं नसतं.

मग शोधाशोध चालू केली. गुगलवर सर्वोत्तम १० ब्लू-रे प्लेअर असं टाकलं की यादीच यादी येते, आणि गंमत म्हणजे पाच वेगवेगळ्या साइटवर पहिला नंबर एकाच सॉफ्टवेअरचा. मला आधी वाटलं चांगलं असेल म्हणून असेल. नंतर नीट बघितलं तेव्हा दिसलं की त्यातल्या दोन साइटच्या तळाला जो पत्ता आहे तोच त्या विकणाऱ्या कंपनीचा पत्ता आहे, आणि उरलेल्यांच्या लिंकमधे कमिशनचा कोड होता. म्हणजे परीक्षणं लिहिणारे आणि माल विकणारे एकच लोक. त्या यादीत व्हीएलसी हे फुकट मिळणारं प्लेअर सॉफ्टवेअर पण असतं पण शेवटच्या नंबरला, आणि त्याच्याखाली अवगुण म्हणून भलंमोठं काहीतरी लिहिलेलं. तुम्ही अशी यादी बघितली तर सगळ्यात आधी ती साइट कुणाची आहे ते बघा.

मी लगेच पैसे भरले नाहीत. ट्रायल उतरवून घेतली, साधी ब्लू-रे टाकली, पिक्चर चालू झाला, मधोमध कंपनीचा शिक्का होता आणि थोड्या वेळाने पिक्चर बंद पडला, विकत घ्या असा बोर्ड आला. ट्रायल म्हणून हे ठीक आहे. फोर-के डिस्क टाकली तर ट्रायलमध्ये ही सुविधा नाही, पूर्ण आवृत्तीत मिळेल असं दाखवलं. आता हे वाक्य नीट लक्षात ठेवा कारण सगळी फसवणूक ह्याच वाक्यात आहे. म्हणून मी त्यांच्या साइटवरच्या चॅटवर सरळ विचारलं की माझ्याकडे इंटेल १२व्या पिढीचा प्रोसेसर आहे, विंडोज ११ आहे, दुकानातून विकत घेतलेली फोर-के अल्ट्रा एचडी डिस्क तुमच्या पूर्ण आवृत्तीत चालेल का. उत्तर आलं, हो, पूर्ण सपोर्ट आहे, कुठलीही अडचण येणार नाही. तो चॅट मी सेव्ह करून ठेवला.

किमतीच्या पानावर ७० टक्के सूट आणि खाली घड्याळ उलटं चालू, एवढ्या मिनिटांत ऑफर संपणार. मी दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान उघडलं तर घड्याळ परत पहिल्यापासून. म्हणजे ती ऑफर कधीच संपत नाही, ती रोजचीच किंमत आहे, मूळ किंमत म्हणून जो आकडा खोडून दाखवलाय त्या भावाला कुणी घेत नसणार. लाइफटाइम लायसन्स निवडलं. पैसे भरायच्या पानावर डाउनलोड सुरक्षा नावाची एक जोडवस्तू त्यांनी आपणहून टिक करून ठेवलेली, ती लहान अक्षरात, वरून १८ टक्के टॅक्स, त्यामुळे तीन हजारांचं म्हणून जे दाखवलं होतं ते साडेचार हजारांवर गेलं. एकदा विकत घेतलेलं सॉफ्टवेअर परत उतरवता यावं म्हणून वेगळे पैसे मागणं ह्याला काय म्हणायचं, पण बाकीच्या ठिकाणी असंच चालतं म्हणून लोक सोडून देतात, सोडू नका.

पूर्ण आवृत्ती चालू झाली, फोर-के डिस्क टाकली. मेसेज आला, डिस्क संरक्षित आहे, चालवता येत नाही. दुसरी टाकली, तिसरी टाकली, सगळ्यांना तेच. सपोर्टला मेल टाकला. त्यांचं उत्तर असं की आमचं सॉफ्टवेअर प्रोटेक्शन नसलेल्या फोर-के डिस्क चालवतं, तुमची डिस्क संरक्षित असेल तर ती आमची जबाबदारी नाही, अटींच्या पानावर लिहिलेलं आहे.

अरे पण दुकानात मिळणारी प्रत्येक फोर-के पिक्चरची डिस्क संरक्षितच असते! एएसीएस नावाची कुलूपबंदी असते त्यावर, साध्या ब्लू-रेवर तिची पहिली आवृत्ती आणि फोर-केवर दुसरी. प्रोटेक्शन नसलेली फोर-के डिस्क म्हणजे कुणीतरी घरी स्वतःच्या लग्नाचं शूटिंग डिस्कवर टाकलं तर ती. म्हणजे ह्यांनी विकताना फोर-के अल्ट्रा एचडी ब्लू-रे असं मोठ्या अक्षरात लिहिलं, चॅटवर दुकानातली डिस्क चालेल म्हणून शब्द दिला, आणि पैसे हातात आल्यावर सांगतात की बाजारात विकतच मिळत नाही तसली डिस्क फक्त चालते. ट्रायलमध्ये ती सुविधा बंद का ठेवली होती तेही इथे कळलं. चालू ठेवली असती तर कुणी घेतलंच नसतं.

मी मग सगळं मुळापासून वाचून काढलं आणि जे कळलं ते सांगतो, कारण हे माहीत असतं तर चॅटवरचं ते उत्तर खोटं आहे हे तिथल्या तिथे ओळखता येतं. फोर-के डिस्क पीसीवर अधिकृतपणे चालायला इंटेलच्या प्रोसेसरमधे एसजीएक्स नावाची एक सोय लागते, गुप्त डेटा बाकीच्या प्रोग्रामपासून वेगळा आणि सुरक्षित ठेवणारी. २०१७ मध्ये पॉवरडीव्हीडी ह्या सॉफ्टवेअरने पीसीवर फोर-के डिस्क चालवायची सोय आणली तेव्हा सुद्धा हीच अट होती, ७व्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर, मदरबोर्डच्या सेटिंगमधे एसजीएक्स चालू, मॉनिटरला एचडीसीपी २.२ (केबलमधून जाणाऱ्या चित्राची कॉपी होऊ नये म्हणूनचं संरक्षण), आणि वर चित्र इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधून गेलं पाहिजे. एएमडीच्या प्रोसेसरमधे एसजीएक्स कधी नव्हतंच. आणि इंटेलने स्वतः डेस्कटॉपच्या ११व्या पिढीपासून एसजीएक्स काढून टाकलं. म्हणजे नवीन भारी पीसी घेतला म्हणून फोर-के डिस्क चालेल असं नाही, उलट नवीन आहे म्हणूनच चालत नाही. माझ्या १२व्या पिढीवर ती अधिकृत मार्गाने चालूच शकत नव्हती आणि विकणाऱ्याला हे माहीत नसणं शक्य नाही, हा धंदाच त्यांचा आहे. मी पिढी सांगून विचारलं होतं. तरी हो म्हणाले.

बरं निदान साध्या ब्लू-रे तरी चालतील म्हणून गप्प बसलो, तर काही महिन्यांनी भावाने पाठवलेली नवीन डिस्क लागेना. कारण विचारलं तर म्हणे तुमची आवृत्ती जुनी झाली, नवीन घ्या. लाइफटाइम आहे ना? हो, पण लाइफटाइम म्हणजे ह्या आवृत्तीपुरतं. ही कुलूपबंदी अशी आहे की डिस्क उघडायची किल्ली सॉफ्टवेअरमध्ये असते, आणि नव्या डिस्कवर कुलूप बदललं की जुनी किल्ली बाद होते. २००७ साली विनडीव्हीडी नावाच्या सॉफ्टवेअरमधून अशा किल्ल्या बाहेर फुटल्या होत्या, तेव्हा त्या किल्ल्या रद्द झाल्या आणि ज्यांनी ते सॉफ्टवेअर अपडेट केलं नाही त्यांच्याकडे पुढच्या डिस्क लागेनात. तेव्हापासून आजतागायत हेच आहे, अपडेट बंद झाले की नव्या डिस्क एकेक करून बंद होत जाणार. म्हणून ब्लू-रेच्या सॉफ्टवेअरला लाइफटाइम शब्द लावायचा असेल तर अपडेट किती वर्षं फुकट मिळणार हे त्यांनी लिहून द्यायलाच पाहिजे. कुणी देत नाही.

आणखी एक त्रास रिजनचा. साध्या ब्लू-रेला रिजन असतात, म्हणजे डिस्क जगाच्या ठरावीक भागातल्या प्लेअरवरच चालते, अमेरिका ए, युरोप बी, भारत सी. अमेरिकेतून आणलेल्या काही डिस्कवर हे बंधन असतं, काहींवर नसतं, फोर-के डिस्कला रिजन नसतोच. पीसीवर हे रिजन सॉफ्टवेअर ठरवतं आणि बऱ्याच ठिकाणी ते मोजक्याच वेळा बदलता येतं, नंतर लॉक. ज्यांचे नातेवाईक बाहेरून डिस्क आणतात त्यांनी हे आधी विचारून घ्या, नाहीतर उगाच बदलत बसाल आणि शेवटी भलत्याच रिजनला अडकाल.

व्हीएलसीबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगतो. ते फुकट आहे, २०१२ मधल्या २.० आवृत्तीपासून त्यात ब्लू-रेची सोय आहे, पण संरक्षित डिस्क ते आपलं आपण उघडत नाही, त्याला किल्ल्यांची वेगळी फाइल लागते आणि डिस्कच्या मेनूसाठी जावा (Java) नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. जे आहे ते त्यांनी स्वच्छ सांगितलंय, पैसेही मागत नाहीत. पण ह्याच व्हीएलसीला वेगळा रंग देऊन ब्लू-रे सॉफ्टवेअर म्हणून पैसे घेऊन विकणारे आहेत, आणि दुकानात ते टाकून द्यायचे पाचशे मागणारेही. देऊ नका.

आता पैशाचं काय झालं ते. रिफंड मागितला तर ३० दिवसांत पैसे परत ही जी जाहिरात होती तिच्या अटी वाचायला दिल्या, हार्डवेअर जुळत नसेल तर नाही, डिस्क संरक्षित असेल तर नाही, लायसन्स चालू केलं असेल तर नाही. लायसन्स चालू केल्याशिवाय कळणार कसं? चॅटचा स्क्रीनशॉट पाठवला, उत्तरच नाही. मग बँकेत कार्डाचं डिस्प्यूट टाकलं, म्हणजे ह्या व्यवहाराचे पैसे परत मिळावेत म्हणून हरकतीचा अर्ज. बँकेच्या माणसाला आधी वाटलं ओटीपी मी टाकलाय म्हणजे विषय संपला, पण हे ओटीपी चोरल्याचं प्रकरण नाही, सांगितलेला माल दिला नाही असं आहे, त्याचा वेगळा प्रकार असतो, तोच निवडा. जाहिरातीचं पान, चॅट, न चालल्याचा मेसेज, सपोर्टचा मेल, चारही जोडले. जोडवस्तूचे पैसे परत आले, मुख्य रकमेवर कंपनीने हरकत घेतली आणि ते अजून चालू आहे.

त्यातच एक दिवस बँकेचा मेसेज आला की उद्या ह्या कंपनीला पैसे जाणार आहेत. लाइफटाइम घेतलेलं असताना! ती जोडवस्तू दरवर्षी आपोआप रिन्यू होणारी होती आणि पैसे परत केले तरी त्यांनी ती बंद केली नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असे आपोआप पैसे कापायच्या किमान २४ तास आधी मेसेज यावा लागतो म्हणून कळलं, मी अ‍ॅपमधून मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, रद्द केलं आणि कार्डावरचे परदेशी व्यवहारही बंद केले. १५ हजारांपर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही, त्यामुळे तो मेसेज जाहिरात समजून पुसला की पैसे गेले. घरातल्या मोठ्यांच्या कार्डावर असं काही असेल तर आजच बघा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पण तक्रार केली आहे. २०२३ मध्ये सरकारने डार्क पॅटर्नची, म्हणजे साइटवर ग्राहकाला गंडवायच्या युक्त्यांची, जी नियमावली काढली तिच्यात आपणहून टोपलीत टाकलेली वस्तू, खोटी घाई, रद्द करता न येणारं सबस्क्रिप्शन हे सगळे प्रकार नाव घेऊन दिलेत आणि भारतात माल विकणाऱ्या बाहेरच्या साइटनाही ती लागू आहे. तक्रारीत ही नावं घालून लिहा, नुसतं फसवलं म्हणून लिहू नका.

भावाच्या फोर-के डिस्क मी आता टीव्हीला जोडायचा वेगळा प्लेअर घेऊन त्यावर बघतोय, पहिल्याच दिवशी सगळ्या लागल्या. तुम्हाला पीसीवरच बघायचं असेल तर विकणाऱ्याला लेखी विचारा की दुकानातली संरक्षित डिस्क चालते का, माझ्या अमुक पिढीच्या प्रोसेसरवर चालते का, नव्या डिस्कसाठी अपडेट किती वर्षं फुकट, आणि तुमच्या स्वतःच्या डिस्कवर ट्रायल चालल्याशिवाय कार्ड काढू नका, फोर-के हवं असेल तर फोर-के डिस्कवरच. आणि ज्यांचे पैसे ऑलरेडी गेलेत त्यांनी रिफंडच्या मेलामेलीत वेळ घालवू नका, डिस्प्यूटला मुदत असते, ती संपेपर्यंत हे लोक मुद्दाम एकेक उत्तर उशिरा देतात, आधी बँकेत अर्ज टाका आणि मग त्यांच्याशी बोलत बसा.