पावणेसोळा, पावणेदहा, पावणेआठ : मिरजेत शिवून घेतलेली बॅग

सुट्टीला सांगलीत आल्यापासून विश्रामबागेतल्या तीन-चार ज्युनिअर पोरापोरींनी एकच विचारलं, ‘ताई, जर्मनीला जाताना पाठीवरची बॅग कोणती घेऊ?’ प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथंच सगळं लिहिते. माझी बॅग कुठल्या ब्रँडची नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये श्टुटगार्टला निघण्याआधी ती मिरजेत, सतारमेकर गल्लीजवळच्या एका दुकानात शिवून घेतली. दुकान म्हणजे एक मशीन, एक फळी आणि भिंतीला टांगलेली तबल्याची, तानपुऱ्याची कव्हरं. तिथले चाचा मुख्यतः वाद्यांची कव्हरंच शिवतात.

शिवून का घेतली, तर युरोपातल्या युरोपात फिरताना स्वस्त विमानांचा सगळा हिशोब सेंटिमीटरमध्ये असतो. सीटखाली मावणारी एकच बॅग मोफत, तिच्यावर गेलं की पैसे, आणि ते पैसे कधीकधी तिकिटापेक्षा जास्त. तेव्हा रायनएअर या विमान कंपनीचं माप ४०×२०×२५ होतं आणि विझ एअरचं ४०×३०×२०. दोन्हीकडं चालायचं तर ४०×२५×२०, म्हणजे बरोबर वीस लिटर. बाजारात या मापाची बॅग मला सापडली नाही. एक तर शाळेचं दप्तर, नाहीतर ट्रेकची मोठी सॅक.

चाचांना मी सेंटिमीटर सांगितले. त्यांनी टेप उलटी करून बघितली आणि वहीत इंचात लिहिलं : पावणेसोळा, पावणेदहा, पावणेआठ. ‘थोडी आतच धरतो पोरी. भरली की फुगते,’ म्हणाले. हे मला सुचलंच नसतं. माप बाहेरून घ्यायचं, पुढचा कप्पा धरून घ्यायचं, आणि कप्पा चपटा ठेवायचा, हेही त्यांनीच ठरवलं. जाड कॅनव्हास, आत पिवळं अस्तर (अंधाऱ्या हॉस्टेलात फिकट अस्तरावर वस्तू पटकन दिसतात), पाठीला आणि पट्ट्यांना तानपुऱ्याच्या कव्हरात घालतात तोच फोम. आठ दिवस लागले. १,२५० रुपये, त्यातले ५०० आगाऊ.

आता वापराबद्दल. दोन वर्षांत बहुतेक शनिवार-रविवार ही बॅग पाठीवर होती. आम्ही विद्यार्थी फिरतो ते डॉइचलांड-तिकिटावर. हे मासिक तिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२५ ला ५८ आणि २०२६ ला ६३ झालं. बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांना ते स्वस्तात मिळतं. त्यावर देशभर प्रादेशिक गाड्या चालतात, आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या नाही. म्हणजे एका दिवसात तीन-चार वेळा गाडी बदलायची आणि मधे पाच-सहा मिनिटं असतील तर जिना उतरून दुसऱ्या फलाटावर पळायचं. चाकांची बॅग इथं जीव खाते. स्ट्रासबुर्गला गेले तेव्हा कार्ल्सरुहं, ऑफेनबुर्ग असं बदलत सीमेवरच्या केल गावी उतरले आणि तिथून ट्रॅमनं राइन ओलांडून फ्रान्समध्ये. तिथल्या कॅथीड्रलचा मनोरा १४२ मीटर उंच आहे. १६४७ पासून १८७४ पर्यंत जगात त्याहून उंच इमारत नव्हती. सज्जा ६६ मीटरवर, सुमारे ३३० पायऱ्या, गोल आणि अरुंद. बॅग पाठीवर घेऊनच चढले, खांदे दुखले नाहीत. दंडोबाच्या डोंगरावर जाताना कॉलेजच्या जुन्या सॅकनं जे केलं होतं ते आठवून चाचांच्या फोमला मनापासून हात जोडले.

आत काय मावतं : दोन टी-शर्ट, एक स्वेटर, आतले कपडे, चार्जर, आणि टॉवेलऐवजी पंचा. पंचा नक्की न्या. हॉस्टेलात टॉवेलचे वेगळे पैसे घेतात आणि पंचा रात्रीत वाळतो. खायला चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी. भडंग मी पहिल्या ट्रिपला नेलं होतं. वजनाला काहीच नाही, पण जागा केवढी खातं! ते रूमवरच बरं.

पॅरिसला लूव्ह्रमध्येही ती आत गेली, तिथं ५५×३५×२० पर्यंत चालतं. (युरोपियन युनियनमध्ये राहणाऱ्या सव्वीस वर्षांखालच्यांना तिथं प्रवेश मोफत आहे, रेसिडेन्स परमिट जवळ ठेवा.)

दोष आहेत. कॅनव्हास पावसाला टिकत नाही. मेअर्सबुर्गला बोडनझे सरोवराच्या काठी तासभर भिजलो, तर बॅग वाळायला दीड दिवस गेला. कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीतच भरा. रिकामी बॅग ९०० ग्रॅम भरते, बाजारातल्या हलक्या बॅगांपेक्षा जड. आणि वर्षभरात मुख्य चेनचा रनर ढिला झाला. प्रागमध्ये चेन मागून उघडत होती. पकडीनं रनर दाबून कसंबसं निभावलं. चेन पाच नंबरची होती, ती मुळातच आठची हवी होती.

एके ठिकाणी मात्र ही बॅग चाललीच नाही. पोलंडमधल्या क्राकूवहून आउश्वित्झला, नाझींची छळछावणी बघायला गेलो. तिथं ३०×२०×१० पेक्षा मोठं काही आत नेता येत नाही. बॅग बाहेर ठेवली आणि पासपोर्ट हातात धरून चालले. आत एका खोलीत, काचेमागं, तिथं आणलेल्या माणसांच्या बॅगांचा ढीग आहे. बॅगांवर मोठ्या अक्षरांत नावं, गावं, जन्मतारखा. परत मिळतील म्हणून लिहिलेली. बाहेर येऊन माझी बॅग घेतली तेव्हा ती पाठीवर टाकवेना. स्टँडपर्यंत दोन्ही हातांत धरून नेली.

गेल्या सोमवारी चाचांकडं गेले. त्यांनी रनर बघितला आणि काही न बोलता आठ नंबरची चेन लावायला घेतली. पैसे घेतले फक्त चेनचे. छातीवरचा पट्टाही सांगितला, कारण पळताना खांद्यावरून पट्टे घसरतात. तुम्ही शिवणार असाल तर चेन आणि छातीचा पट्टा आधीच सांगा. रायनएअरचं माप सप्टेंबर २०२५ पासून ४०×३०×२० झालंय, त्यामुळं रुंदी वाढवून मागता येईल. मी असते तर वाढवली नसती, वीस लिटरच्या वर गेलं की पाठ बोलते.

सोबत एक छोटी पिशवीही सांगून आले, ३०×२०×१०. चाचांनी टेप उलटी करून वहीत लिहिलं : पावणेबारा, पावणेआठ, पावणेचार. गुरुवारी मिळेल.